चोवीस वर्षांनंतरचा पेपर

चोवीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवून झाल्यावर श्रावस्तीबाईंना कळलं, की आपण अजून शिक्षिका व्हायला पात्र ठरलेलो नाही.

मुख्याध्यापक अमरनाथ सरांनी मधल्या सुट्टीत पेपरातली बातमी मोठ्यानं वाचली. कोर्टाचा निकाल लागला होता. ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. सरांची तीनच वर्षं उरली होती. त्यांनी पेपराची नीट घडी घातली आणि चहाचा कप तोंडाला लावला. बाईंची तेरा उरली होती.

"आमच्या वेळी डी.एड. झालं की झालं," बाई म्हणाल्या. "भूमला दोन वर्षं काढली. पाठ घेतले, फळ्यावरचं अक्षर घोटलं. आता ते धरायचंच न्हाय व्हय?"

कोपऱ्यात चौथीच्या झरीन मॅडम वह्या तपासत बसल्या होत्या. वय एकतीस, नोकरीला लागून दीड वर्ष झालेलं. डी.एड., मग दोनदा टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग भरतीच्या पोर्टलवर शाळांचे पसंतीक्रम, मग कागदपत्रांची पडताळणी, असं करत त्यांची सात वर्षं गेली होती. त्यांनी मान वर केली.

"बाई, मी शिकवते तुम्हाला. बसमधी जाता-येता."

दुसऱ्या दिवसापासून बेंबळी ते धाराशिव एसटीत दोघी शेजारी बसू लागल्या. झरीन विचारायची, बाई उत्तर द्यायच्या. भाषा जमायची, परिसर अभ्यास जमायचा. गणितात वेळ जायचा. बालमानसशास्त्र आलं की बाईंचं डोकं चढायचं. लेकरांबद्दलच विचारलेलं असायचं, पण चार पर्यायांत त्यांच्या वर्गातलं एकही लेकरू सापडायचं नाही. घरी पोचल्यावर स्वयंपाक, धुणं, आणि उरलेल्या वेळात सरावसंच. पुस्तक छातीवर ठेवूनच झोप लागायची.

ऑक्टोबरात एकदा वर्गात बाई मुलांना पाढे लिहायला लावून स्वतः सरावसंच सोडवत बसल्या होत्या. माज नावाचा एक किरकोळ अंगाचा पोरगा पाटी घेऊन टेबलापाशी आला. त्याला पहिल्यांदाच स्वतःच्या मनानं एक ओळ लिहिता आली होती. "बाई, बघा की."

"गप बस रे जागेवर! दिसत न्हाय का?"

माज जागेवर गेला आणि बोटानं पाटी पुसून बसला. बाईंनी ते पाहिलं. नंतर त्यांनी त्याला जवळ बोलावून काय लिहिलं होतं ते विचारलं, पण तो काही केल्या सांगेना. त्या दिवसापासून सरावसंच शाळेत आणायचा त्यांनी बंद केला. झरीन म्हणाली, "मार्क कमी पडतील, बाई." बाई म्हणाल्या, "पडू देत."

नोव्हेंबरातल्या रविवारी धाराशिवच्या एका कॉलेजात परीक्षा झाली. दारात अंगझडती झाली, अंगठा घेतला, कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायला लावला. बाईंच्या पुढच्या बाकावर केस पिकलेले एक गुरुजी चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होते. दीडशे प्रश्न, अडीच तास. एका प्रश्नाशी बाई थांबल्या. मूल 'कमळ'ऐवजी 'मकळ' वाचतं. शिक्षकानं सर्वप्रथम काय करावं? असं वाचणारी कितीतरी मुलं त्यांनी वाचती केली होती. त्यांनी 'मुलाला वाक्य पूर्ण वाचू द्यावं' यापुढचा गोल काळा केला. येताना सोबतीला आलेल्या झरीननं ते ऐकलं आणि हळूच नकारार्थी मान हलवली.

"निदानात्मक चाचणी घ्यावी, असं हाय उत्तर."

"पण म्या तसं कधी केलं न्हाय, झरीन. लेकरू घाबरतं अशानं."

"बाई, तिथं तुमचं उत्तर लिहायचं नसतं. त्यांचं लिहायचं असतं."

जानेवारीत निकाल लागला. बाईंना पास व्हायला ब्याऐंशी लागत होते, ऐंशी पडले. एसटीत झरीननं मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि खिडकीकडं तोंड केलं. बाईंनी आकडा दोनदा पाहिला. रडू आलं नाही. पाय दुखत होते, एवढंच जाणवलं.

संध्याकाळी त्यांनी भूमला वडिलांना फोन लावला. श्रीपती आता ऐंशीच्या घरात होते. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबून त्यांनी लेकीला मास्तरीण केलं होतं.

"आबा, नापास झाले."

"चोवीस वरसं शिकवल्यालं धरीत न्हाईत व्हय?"

"न्हाय, आबा."

"मग?"

"परत बसायचं. अजून वेळ हाय."

"बस मग," म्हातारा म्हणाला. "पर आज अभ्यास करू नगं. जेव आन् झोप."

बाईंनी भाकरी केली नाही. सकाळचाच भात गरम केला, वर चटणी घेतली आणि दिवे लागायच्या सुमारासच अंथरूण टाकलं.

सकाळी सातच्या एसटीत झरीननं त्यांच्यासाठी जागा धरली होती. बाई बसल्या, पिशवी मांडीवर घेतली.

"आज इचारू का नको?" झरीन म्हणाली.

बाईंनी डोळे मिटून डोकं मागं टेकवलं. "इचार," त्या म्हणाल्या. "पर सावकाश."