ठिपकीच्या भातावरचं

आमच्या घरात मांजराचा भात दोन मजली असतो. खाली कणीचा भात आणि त्यावर ओततात ते 'वरचं'. ठिपकी व्यायली, तीही माझ्या जयाच्या पाळण्याखालच्या टोपलीत, तेव्हापासून या वरच्यावरून घरात तीन पक्ष पडले.

त्याचं मूळ कणगीत होतं. कणगीत पुढच्या पेरणीचं आंबेमोहराचं बियाणं होतं, आणि कणगीच्या बुडाला एके सकाळी उंदराने कुरतडलेलं दिसलं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, भोक शेणाने लिंपलं, वरून हाताचा पंजा उमटवला आणि पदर खोचून ठिपकीसमोर उभ्या राहिल्या.

"अखितीपातुर तुला मुदत. एक तरी उंदीर धर. न्हाईतर पोत्यात घालून लाँचीनं पाण्यापल्याड धाडते. मांजार मारलं तर काशीला सोन्याचं मांजार द्यावं लागतं. पल्याड सोडलं तर काय बी लागत न्हाई."

अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पंधरा दिवस होते. ठिपकी पाळण्याखाली आडवी, तीन तोंडं पोटाला लागलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. मी वर जयाला पाजत बसलेली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. दुसऱ्या कुणाला त्या नजरेतलं कळलं नसतं.

"आत्याबाई, तिच्या अंगात ताकदच नाही. पोटाला घातलं तर धावेल ना ती."

"भरल्या पोटाचं मांजार उंदराकडं बगून जांभया देतं. ताकाची निवळ घाल भातावर, लई झालं."

मामंजी ओसरीवरून म्हणाले, "ताकानं काय व्हतंय? सुकटीचं पाणी घाला. सुकटीच्या वासानं माणूस उठतंय, मांजार न्हाई उठायचं?"

माझं मत खेकड्यावर होतं. डोंगराकडच्या वाडीवरची सखू एक दिवसाआड ओढ्यातले खेकडे आणायची, ते माझ्यासाठी. आत्याबाई स्वतः पाट्यावर वाटून, गाळून, मिरी घालून वाटीभर रस्सा माझ्यापुढे ठेवायच्या. बाळंतिणीला दूध यायला याच्यासारखं काही नाही, असं त्यांचं म्हणणं. मग ठिपकी काय बाळंतीण नव्हती?

भांडण मामंजींनी मिटवलं. सरकारने किलोची वजनं आणल्यावर वाण्याने जुने लहान-मोठे तराजू आणि शेर-पावशेर त्यांना देऊन टाकले होते, आणि तेव्हापासून मामंजी वजन करायला काहीतरी शोधतच असत. वांगी झाली, चपला झाल्या.

"पाच दिस तिचं ताक, पाच दिस माजी सुकट, पाच दिस सूनबाईचं खेकडं," ते म्हणाले. "दर पाच दिसाला पिल्लं जोखायची. कशात जास्ती सत्त्व हाय ते पिल्लंच सांगतील."

पिल्लं पारड्यात राहीनात. एक बाहेर, दोन आत. दोन बाहेर, एक मामंजींच्या धोतरात. शेवटी तिघांना जयाच्या जुन्या टोपड्यात बांधून जोखलं. मामंजींना चेव आला आणि त्यांनी जयालाही धान्याच्या मोठ्या तराजूत घातलं. ती पारड्यात पडून गालात हसली. सहा शेराला थोडी कमी.

ताकाचे पाच दिवस सुरू झाले. कणगीशेजारच्या मातीच्या पसरट परळात भात, वर निवळ. दुपारी मी जयाची दुपटी वाळत घालून आत येते तर मामंजी परळाजवळ वाकलेले, हातात वाटी, घरभर सुकटीचा वास.

"उंदराचं भोक बगत व्हतो," ते म्हणाले.

मी पदर सावरला. माझ्या पदराखाली रश्श्याची वाटी होती. दोन घोट मी घ्यायची, उरलेलं ठिपकीला. तोंडाला सुटलेलं पाणी गिळताना जीव जायचा, पण तिच्या बरगड्या दिसायच्या आणि वाटी आपोआप कलंडायची.

सुकटीच्या दिवसांत आत्याबाईंना ताक सांडताना मी दोनदा बघितलं. दोन्ही वेळा ते नेमकं परळातच सांडलं.

पंधरा दिवस परळ रोज सकाळी लख्ख. आत्याबाई म्हणायच्या, "बगा, ताकानं भूक लागते." मामंजी म्हणायचे, "सुकटीनं." उंदीर मात्र ठिपकीने एकही आणला नाही. परळातलं चाटून ती उन्हाच्या तिरपीत जाऊन पडायची आणि खरंच जांभया द्यायची. अखितीच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी पोतं झटकून ओसरीवर टाकलं.

अखितीच्या सकाळी शेवटचं जोखणं. सखू खेकडे घेऊन आली होती, तीही बघत बसली. पिल्लं टोपड्यात मावेनात. दुप्पट झाली होती.

"खेकडं!" मी म्हणाले.

"सुकट!"

"ताक! आणि आता नातीला जोखा."

जयाला पारड्यात ठेवलं. सहा शेराला थोडी कमी. पंधरा दिवसांपूर्वी होती तेवढीच. मामंजींनी काट्याला टिचकी मारली. काटा हलला आणि परत तिथेच आला.

आत्याबाईंनी आधी जयाकडे बघितलं, मग पिल्लांकडे, मग माझ्याकडे.

"सूनबाई, खेकड्याचं पाणी कुणाच्या पोटात जातंय गं?"

जया पारड्यात पाय नाचवत होती.

तेवढ्यात सखू म्हणाली, "आवो आये, ते ऱ्हाऊ द्या. हितं बगा आदी. तुमची मांजर निसतं वरलं चाटती. भात तसाच हाय. मंग भात कोन खातंय?"

सगळे परळाकडे वळलो. भरदिवसा, आमच्या चौघांच्या देखत, कणगीमागून एक उंदीर आला. आला म्हणजे डुलत आला. पाटलाच्या पोटासारखं पोट. ताक, सुकट आणि खेकड्याच्या ओलाव्यात मुरलेला भात त्याने सावकाश खाल्ला, आम्हाला बघून परत फिरला, भिंतीतल्या बिळात डोकं घातलं, आणि अडकला. मागचे पाय हवेत.

ठिपकी उठली. आळस दिला. चालत गेली आणि भिंतीतून मुळा उपटावा तसा त्याला उपटून पाळण्याखाली घेऊन गेली.

मामंजींचा हात तराजूकडे गेला. "खबरदार, उंदीर जोखाल तर," आत्याबाई म्हणाल्या.

मग त्या कणगीपाशी वाकल्या. शेणावरचा त्यांचा पंजा जसाच्या तसा. एक ओरखडा नाही.

"पंदरा दिस उंदीर पोसला आपुन," त्या बसूनच म्हणाल्या. "पर मेल्यानं बियाण्याला तोंड न्हाई लावलं."

"मंग सत्त्व कशात ठरलं?" मामंजींनी विचारलं.

"तुमच्या तराजूत न्हाई, येवढं ठरलं." आणि पोतं घडी करून त्यांनी जयाच्या पाळण्यात, दुपट्याखाली घातलं. लाँच त्या दिवशी ठिपकीशिवाय गेली.

दुपारी मी ताटावर बसले. भात, वर रस्सा. आत्याबाई समोर येऊन बसल्या, हात धुऊन, ओलाच. माझ्या ताटात हात घालून त्यांनी भात कालवला, जयासाठी पुढे कालवतील तसा, एकही शीत कोरडं न ठेवता.

"वरलं वरलं न्हाई चाटायचं. निम्मं तिला न्हाई द्यायचं. तिचं मी बगते."

"व्हय, आत्याबाई."

"आणि ताट मी उचलीन. लख्ख पायजे."

पाळण्याखाली ठिपकी पाय चाटत होती. माझ्या ताटाकडे तिने एकदा बघितलं, आणि मी डावा हात मांडीखाली दाबून धरला.