एजंट कुठे उभा राहतो

घरमालकाला महिनाअखेर खोल्या रिकाम्या हव्या होत्या. त्यामुळे आज घर पक्कं केल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवूनच आई आणि मी रविवारी सकाळी एजंटबरोबर निघालो.

पहिल्या घरात शिरताच तो बैठकीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभा राहिला. "काकू, हवा बघा! उजेड बघा!" आम्ही दोन्ही बघितलं. निघताना तो वळला, तर शर्टाच्या पाठीवर चुन्याचा पांढरा शिक्का, आणि मागच्या भिंतीवर दोन हात रुंद ओल.

दुसऱ्या घरात तो स्वयंपाकघरातल्या सिंकला टेकला. मी पाणी मागितलं.

"ताई, खाली देतो ना. मस्त गार!"

"तुमचं पेन पडलं वाटतं," आई म्हणाली. तो खाली वाकला. सिंकला नळच नव्हता.

तिसऱ्या घरात तो खिडकीत दोन्ही हात पसरून उभा. "समोर सगळं मोकळं!" मी त्याच्या काखेखालून डोकावले. समोरच्या इमारतीत एक आजोबा दाढी करत होते. ते इतके जवळ होते की त्यांनी मला किती वाजले ते विचारलं.

मी वहीत लिहिलं: जिथे एजंट, तिथे दोष. तीनपैकी तीन. नमुना लहान आहे, पण कल स्पष्ट आहे.

चौथ्या घरात मात्र तो कुठेच थांबेना. खिशात हात घालून शीळ वाजवत फिरत होता.

"हा टेकत का नाही गं?" आई माझ्या कानात कुजबुजली.

आम्ही भिंती ठोकल्या, नळ सोडले, फरशीवर गोटी ठेवली. गोटी जागची हलली नाही. अर्धा तास झाला तरी खोट सापडेना.

"शेजारी कोण राहतं?" आईने सहज विचारलं.

एजंट दोन उड्यांत बाहेर गेला आणि समोरच्या दाराला पाठ चिकटवून उभा राहिला. "शेजार एकदम शांत!"

"जरा बाजूला व्हा बघू."

"इथून जिना छान दिसतो, काकू!"

तेवढ्यात ते दार आतून उघडलं आणि तो उताणा चपलांच्या ढिगात पडला.

"अहो, हे काय?" लाटणं हातात घेऊन एक बाई उभ्या होत्या. "माणसासारखं चालत या की घरात!"

"तुम्ही इथेच राहता?" आईने एजंटला विचारलं.

"गिऱ्हाईक शेजारी आलं की संपलं, काकू," तो पडल्या पडल्या म्हणाला. "काहीही बिघडलं तरी मलाच हाका मारणार. म्हणून दोन वर्षं हे घर कुणाला दाखवलं नव्हतं. आज बाकीची संपली, माझा नाइलाज झाला."

आईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिने बाईंना विचारलं, "घर कसं आहे हो?"

"घर उत्तम. त्रास असलाच तर यांचा."

"तेवढा चालेल. घेतलं!" आई म्हणाली. "तुमची बेल कुठली?"

"ती बंद आहे," बाई म्हणाल्या. "दारच वाजवा. जोरात वाजवा, यांना पटकन ऐकू येत नाही."