रामाच्या हातासाठी तोडलेली धामण

मी धामणीच्या झाडाची फांदी बोलतेय. तुम्ही निवांत बसून ऐका. मला स्वतःला निवांत राहणं कधी जमलं नाही.

माझा जन्म सोयगावकडच्या डोंगरउतारावरचा. वारा सुटला की शेजारचे साग नुसते डोलायचे. मी पार खालपर्यंत वाकायचे आणि परत ताठ व्हायचे. त्या गुणापायीच पुंजारामच्या नजरेत भरले. पिकात रानडुकरं शिरायची, म्हणून त्याच्या घरी बापजाद्यांपासून धनुष्यं करत.

माघात माझी पानं गळाली होती. पुंजारामनं मला वाकवून पाहिलं, गाठी चाचपल्या, नखानं साल खरवडली. "रस खाली उतरलाय. हीच घेऊ," तो म्हणाला. आधी झाडाला हात जोडले, मग कुऱ्हाड उचलली.

सोबत त्याची भाची होती, औरंगाबादेहून आलेली द्वारकाबाई. तिचा नवरा रामकिसन रझाकारांच्या धामधुमीत निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला होता. तेव्हा ती गल्लीतल्या रामापुढं नवस बोलली होती, "हे सुखरूप येऊ देत, तुझ्या हातात खरं धनुष्य देईन." पोलिस ॲक्शन झाली आणि रामकिसन घरी आला. आता नवस फेडायचा होता.

त्या देवळाचा रिवाज असा, की शोभेचं धनुष्य चालत नाही. ज्याच्यासाठी नवस, त्यानंच रामनवमीला देवापुढं दोरी चढवायची. धनुष्य मोडलं तर नवस पोचला नाही असं समजायचं. हे ऐकलं तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला.

पुंजारामनं माझी साल सोलून मोळी बांधली, मला उभी चिरली, टोकांना शेणमाती लिंपली. भाचीला म्हणाला, "घरी ने अन् चुलीवरच्या आढ्याला टांग. वर्षभर हिच्याकडं बघू नको. पुढच्या शिमग्याला येतो तासायला."

रामाच्या हातात जायची वस्तू बिनपूजेची कशी ठेवायची? द्वारकाबाईला ते पटेना. आंघोळ झाली की ती रोज स्टुलावर चढायची, मला खाली काढायची, तांब्याभर पाणी घालायची, हळदकुंकू वाहायची. दिवसभर धुरानं सुकावं आणि सकाळी पुन्हा न्हावं. अंग फुगायचं, आकसायचं. एक कूस इकडं ओढायची, दुसरी तिकडं. पण तिच्या हातांत इतकी माया, की रागही येत नसे.

रामकिसनची गतही माझ्यासारखीच. तो उठला की हिची हाक यायची, "अहो, कुठं निघालात?"

"कुठं नाय. दारात उभाय," तो म्हणायचा.

जालन्याच्या कापसाच्या जिनिंगात त्याला काम मिळत होतं. ही म्हणे, आधी नवस फिटू द्या. मग तो घरातल्या घरात येरझाऱ्या घालायचा. मी वरून बघायचे.

शिमग्याला पुंजाराम आला. मला हातावर जोखलं आणि त्याच्या भुवया चढल्या. "द्वारके, हिला न्हाऊ घालतीस का काय?"

"पूजा करते मामा. रोज."

"अगं, येवढी आंघोळ तर माझी म्हैस बी करत नाय. आतून ओली हाय ही. आज वाकवली तर तुटंल."

द्वारकाबाईनं नवमीपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले. "मग नवमीचं काय? नवस राहिला, अन् यांना काही झालं तर?"

"मला काय होतंय?" रामकिसन दारातूनच म्हणाला. "तिच्यावर पाणी अन् माझ्यावर पहारा. दोघंबी वाळंनात."

द्वारकाबाईनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, नंतर माझ्याकडं. मग ती हलकेच म्हणाली, "पण मामा, मी नुसती बसून राहू व्हय?"

पुंजारामनं सोबत आणलेली माझ्या सालीची मोळी तिच्यापुढं ठेवली. "ही घे. पाण्यात मुरत घाल, पाणी बदल, धागा सुटला की दोरी वळ. सालीला लई पाणी लागतं. लाकडाला नाय."

ती देवळात गेली आणि रामाकडं आणखी एक वर्ष मागून आली. पुजारी दत्तोपंत म्हणाले होते, "द्वारकाबाई, घाई तुम्हाला आहे. तो थांबेल."

घरी येऊन तिनं माझं कुंकू पुसलं, मला आढ्याला बांधलं आणि स्टूल शेजारी देऊन टाकलं. मग फडक्यात भाकरी बांधल्या. नवऱ्याला म्हणाली, "जालन्याला जायचं होतं ना? जा. शनिवारी या म्हंजे झालं."

वाळणंही सोपं नसतं. आतून तडतडायचे, कुठं चीर जाईल याची धास्ती. खाली ती तांब्याकडं हात न्यायची, मग सालीच्या घंगाळाकडं वळायची. शनिवारी मोटारीला उशीर झाला तरी उंबऱ्यात गप उभी राहायची.

पुढच्या नवमीला देऊळ भरलं होतं. पुंजारामनं मला तासून, तेल चोळून आणलं होतं. रामकिसननं एक टोक पायाशी टेकवलं आणि मला वाकवलं. जिथं रोज पाणी पडायचं, तिथंच मी करकरले. द्वारकाबाईनं डोळे मिटून घेतले. मला डोंगरावरचा वारा आठवला, आणि मी वाकले. तिनं वळलेली दोरी खाचेत बसली.

तिनं डोळे उघडले ते देवाकडं नाही, नवऱ्याकडं बघत. "आता उद्या निघाल ना कामाला?" असं म्हणाली आणि हसली.

तेव्हापासून मी रामाच्या हातात आहे. दर नवमीला अभिषेकाआधी द्वारकाबाई यायची, मला बाजूला घ्यायची, माझी दोरी सैल करायची. यंदा तिचे गुडघे धरलेत म्हणे. कळशा भरून आल्यात आणि ती दिसत नाही. माझा जीव पुन्हा थाऱ्यावर नाही.

बायांनो, देवाला खुशाल न्हाऊ घाला. पण कळशी उचलण्याआधी मला तेवढी खाली घ्या, वाऱ्याला ठेवा. आणि कुणी द्वारकाबाईच्या घरावरून जाणार असाल, तर तिला सांगा, मी कोरडी आहे.