बिशपच्या काठीला पालवी

रविवारी कॅथेड्रलबाहेरची रांग पार धक्क्यापर्यंत गेली होती. अख्खं बेट लोटलं होतं. आमच्या पहिल्या बिशपांनी कुंपणातून उपटलेली पांगाऱ्याची काठी. चाळीस वर्षं काचेच्या पेटीत वाळलेली. तिला पालवी फुटली होती. आता ती वाळूच्या कुंडीत उभी केलेली, लोकांना हात लावता यावा म्हणून.

शेजारी आमचे वडीलधारे पाद्री, मोन्सिन्योर पासेलिओ. आधीचे बिशप वारल्यापासून धर्मप्रांताचा कारभार तेच बघतात. "मी कोण? मी धूळ," ते म्हणत होते. "पण काठी माझ्याच वेळी पालवली, याचा अर्थ रोमला कळेलच." नवा बिशप कोण हवा, हे विचारायला रोमचा माणूस पंधरा दिवसांनी येणार होता. धूळ बरीच उंच उडायच्या तयारीत होती.

खरं सांगतो, मीही गुडघे टेकले. रडलोसुद्धा.

आईच्या पायाला जखम होती. ती रोज काठीचं एक पान मागून आणायची, उकळून प्यायची. शुगरच्या गोळ्या बंद.

"गोळी घे ना गं."

"पान घेतलंय. दोन्ही घेतलं तर देवाला वाटेल, हिचा भरवसा नाही."

बाबा समोरच तारोचा उकडलेला कंद खात होते. चर्चमध्ये धर्म शिकवतात ते, काठीच्या पेटीची किल्लीही त्यांच्याकडेच. त्यांनी मान वर केली नाही.

दोन आठवड्यांत जखम काळी पडली. मी काठीला हात लावून आईसाठी मागायला गेलो. मुठीवर काथ्याची बांधणी, आजोबांनी केलेली. हात काढला तर बोटं काळी. काजळी. चाळीस वर्षं पेटीत असलेल्या काठीला ताजी काजळी कुठून? वाकून बघितलं. काथ्या नवाकोरा, टोक डावीकडून आत खोचलेलं. आमच्याकडे प्रत्येक घराची गाठ वेगळी, आणि ही आमची. आजोबा गेले. मला ती येत नाही. उरलं कोण?

"बाबा, जुनी काठी कुठंय?"

बाबांनी दार ओढून घेतलं. मग म्हणाले, "खोबऱ्याच्या शेडमध्ये."

"आणि ही?"

"ताजी फांदी. सालीला तेल आणि काजळी चोळली. खालची वाळू ओली ठेवतो." ते हात पुसत राहिले. "नाहीतर न्यूझीलंडहून कोणी गोरा बिशप आणून बसवतील रे. आपल्या माणसासाठी केलं."

"आई पान पीत होती तेव्हा बघत होतात ना?"

"ती पिईल असं वाटलं नव्हतं."

"पहिल्या दिवशी नसेल वाटलं. दुसऱ्या दिवशी?"

मी शेडकडे निघालो.

रोमचा माणूस आला. मी त्याच्यासमोर जुनी काठी ठेवली आणि नव्या काठीची साल नखानं खरवडली. आतून हिरवीगार, ओली.

"पोरा, सैतान नखातही बसतो," मोन्सिन्योर म्हणाले.

मागून लुसिया मावशी म्हणाली, "मग मोन्सिन्योर, आमच्या कुंपणाला दर महिन्याला पालवी फुटते. त्यालाच करा की बिशप."

आईच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. ती आता गोळ्या घेते. बाबांच्या हातून पाणीही घेत नाही.

मी पहिल्याच रविवारी विचारलं असतं तर बोटं वाचली असती. देव माना, नका मानू, ते तुमचं तुम्ही बघा. पण कोणी चमत्कार दाखवला की विचारा. दाखवणारा घरचा असेल तर जरा जास्तच विचारा.