वाफेची जागा

कृष्णकांतशेठनी मुख्याध्यापिकेच्या टेबलावर मोबाइल आडवा टेकवला आणि व्हिडिओ शेवटपर्यंत चालू दिला. पडद्यावर दोन हात, तांदळाच्या पिठाची सांदणं उकडायचं पसरट भांडं आणि लहानमोठ्या वाट्या. चेहरा नाहीच. शेवटी फहमिदा टीचरचा आवाज आला, की भांडं एकच आहे, एका वेळी जास्तीत जास्त सांदणं कशी उकडाल? आणि जास्तीत जास्त म्हणजे संख्या की पीठ, तेही तुम्हीच आपसांत ठरवा.

"बगा, संपला," शेठ म्हणाले. "उत्तर कुठंय?"

फहमिदा समोरच उभी होती. उत्तर नव्हतंच. पनवेलच्या त्या शाळेत शनिवारचा शेवटचा तास तिने गणिताच्या कोड्यांसाठी भांडून मिळवला होता. ती कोडं टाकायची, मुलं गटागटाने ते घरी मांडायची आणि आपला व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर सोडायची. एक गट अडला की दुसऱ्याने तिथून पुढे जायचं. हळूहळू चिरनेरच्या एका शाळेतली मुलंही त्यात शिरली होती. नियम एकच, उत्तर सापडलं तरी टीचरने सांगायचं नाही.

शेठ शाळेच्या कमिटीवर होते. मूळचे बेलपाड्याचे, आता बिल्डर. त्यांचा प्रणित अभ्यास सोडून आईच्या वाट्या घेऊन ओट्याशी बसतो, ही तक्रार. "टीचर, आमी जमिनी इकल्या त्या पोरांनी वाट्या मांडाव्या म्हून नाय," एवढं बोलून ते उठले.

शोभा मॅडम मुख्याध्यापिका. वाईट बाई नव्हेत, फक्त घाबरट. शेठ गेल्यावर त्यांनी फहमिदाला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, की शुक्रवारपर्यंत उत्तराचा व्हिडिओ टाक. नाहीतर शनिवारचा तास गाईडच्या सरावाला जाईल.

शाळांना प्रश्न नकोच असतात. प्रश्नाला वेळ लागतो, आणि वेळेची जाहिरात गेटवर लावता येत नाही. उत्तर कसं, छापता येतं, घोकता येतं, टक्के करून फोटोसकट टांगता येतं. मग तेच पोरगं जन्मभर दुसऱ्याने आखलेल्या रांगेत निमूट उभं राहतं आणि आपण त्याला हुशार म्हणून पेढे वाटतो.

फहमिदाला तास हवा होता. त्या तासापायी मागच्या बाकावरची तोंडं उघडली होती, प्रणितचंसुद्धा. तिने ठरवलं, देऊ उत्तर. कागदावर ते तिने केव्हाच काढलं होतं. मोठ्या वाट्या सात, एक मधोमध आणि सहा तिच्याभोवती. कडेला ज्या फटी उरतात त्यांत चटणीच्या छोट्या वाट्या. भांड्यात बोट शिरायला जागा नाही. पण स्वतः पाहिलेलं नाही ते मुलांना दाखवायचं नाही, ही तिची खोड. म्हणून गुरुवारी शाळेतून आल्यावर तिने सासूकडून पीठ मागून घेतलं.

सासू हरखली. लग्नाला इतकी वर्षं झाली, सुनेने या भांड्याला फक्त व्हिडिओपुरता हात लावला होता. ती स्टूल ओढून तमाशा बघायला बसली. वाट्या भरल्या, झाकण पडलं, मोबाइल चालू. वाट बघून फहमिदाने झाकण काढलं. कडेची सांदणं बरी फुगली होती. मधल्या वाटीत मात्र पीठ तसंच, पांढरं, पातळ, हलवलं की डुचमळणारं.

"तुझा हिसाब पास," सासू पदर तोंडाला लावून म्हणाली, "सांदण फेल."

फहमिदाही हसली. मग तिने मोबाइलकडे बघितलं. मधली वाटी वगळून व्हिडिओ कापता आला असता. शेठना उत्तर मिळालं असतं, तिला तास. तिने मधली वाटी पडद्याजवळ धरली आणि म्हणाली, "माझं उत्तर हे. मला वाटलं होतं बरोबर आहे. हे कच्चं का राहिलं?" आणि व्हिडिओ तसाच टाकला.

ग्रुप पेटला. चिरनेरवाल्यांनी चुलीवर मांडून बघितलं. तिच्याच वर्गातल्या, गव्हाणहून येणाऱ्या अंकिताचा गट ओट्यापाशी दाटीवाटीने उभा राहिला आणि अंकिता पडद्यात नाक खुपसून म्हणाली, "टीचर, तुमी त वाफंला उबं ऱ्हायला बी जागा नाय ठेवली."

मग कुणी म्हणालं छोट्या काढा, कुणी म्हणालं मधली काढा. शुक्रवारी संध्याकाळी प्रणितचा व्हिडिओ आला. त्यात वाट्या सरकवणारा एक जाडजूड हात होता, दोन बोटांत सोन्याच्या अंगठ्या, आणि मागून ओळखीचा आवाज, "अरं मधली काढ ना, बाकीच्यांना श्वास घेऊ दे." प्रणित ऐकत नव्हता. म्हणत होता, पप्पा, आधी करून बगू.

फहमिदाने तो व्हिडिओ सासूला दोनदा दाखवला.

तास मात्र गेला. तक्रार मागे घेतली तर शेठ कसले? आणि तक्रार मागे नाही म्हटल्यावर शोभा मॅडमना धीर कुठला? शनिवारी सकाळी त्यांनी खाली मान घालून वेळापत्रक बदललं. फहमिदा बरं म्हणाली आणि वळली, तेव्हा मॅडमनी दाराशी गाठून हळूच विचारलं, "मधली काढली तर बाकीच्या सगळ्या शिजतात का गं?"

"माहीत नाही मॅडम," फहमिदा म्हणाली. "भांडं आहे ना घरी?"

शेवटच्या तासाला तिनेच गाईडं वाटली. वर्ग खाली मान घालून सोडवायला लागला. ती रांगांमधून फिरत अंकिताच्या बाकापाशी आली. अंकिताच्या उघड्या गाईडवर पाण्याच्या बाटल्यांची बुचं गोल मांडलेली होती, आख्ख्या रांगेची गोळा केलेली. मधली जागा रिकामी होती. शेजारी प्रणित आपलं बूच मुठीत धरून बसला होता, ते कुठे ठेवावं याचा विचार करत. टीचरला बघून दोघांनी श्वास रोखला.

फहमिदा बाकावर वाकली. कडेची दोन बुचं एकमेकांना चिकटली होती. त्यांतलं एक तिने बोटाने जरासं बाजूला सरकवलं आणि ती पुढच्या बाकाकडे गेली.