फुलणारे वांझ झाड

मी एक जुने जायफळाचे झाड आहे. तसे फार जुने नाही, पण घाव खाल्ला की झाड लवकर जुने होते.

सासूबाईंनी एकाच दिवशी दोन बिया पेरल्या. एक मी आणि दुसरी आवाराच्या पलीकडच्या टोकाला असलेली माझी सोबतीण. बारा महिने हिरवी राहणारी जात आमची. सूनबाई या घरात आल्या त्या वर्षी मी पहिल्यांदा फुलले. आमची फुले जेमतेम मटाराएवढी, पिवळसर, मेणाच्या घंटेसारखी खाली मान घालून असतात. सोबतिणीला ती मोजकीच येतात. माझ्यावर घोसच्या घोस. पण फळ धरायचे तिलाच. ते पिकून उकलले, की आतल्या बीभोवती लालभडक जाळी दिसायची. माझी फुले मात्र नुसती गळून जायची.

"वांझ मेलं!" सासूबाई केर काढताना म्हणायच्या. मित्रांनो, हा शब्द माझ्यासाठी असला, तरी ओट्यावर भांडी पुसणाऱ्या सूनबाईंचा हात थांबायचा. लग्नाला अकरा वर्षे झाली, पण त्यांना मूल नव्हते. मला त्यांचे फार वाईट वाटे आणि स्वतःच्या जिवाची भीती वाटे.

शेवटी लाकूडतोड्याला सांगावा गेला. सूनबाई रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. तो आला त्या सकाळी त्यांनी दोन्ही झाडांची फुले ओंजळीत घेतली आणि भिंग घेऊन खिडकीशी बसल्या.

पहिला घाव बसला, दुसरा बसला. माझ्या सालीतून लाल चीक ओघळला.

"अहो, याला रक्त येतंय!" लाकूडतोड्या मागे सरला.

तेवढ्यात सूनबाई धावत बाहेर आल्या. "थांबा! आई, हे बघा. सोबतच्या झाडाच्या फुलात बीजकोश आहे. याच्या फुलात नाही, नुसते परागकण आहेत. हे नर झाड आहे. याला फळ येणारच नाही. पण हे तोडलंत, तर त्याला तरी फळ कसं धरेल?"

सासूबाईंनी भिंगाला डोळा लावला. बराच वेळ पाहिले आणि मग हसू लागल्या. "अगंबाई! आणि मी याला वांझ म्हणत होते. पुरुषाला कुणी वांझ म्हणतं होय?"

सूनबाई हसल्या नाहीत.

"नाही म्हणत, आई," त्या हळूच म्हणाल्या. "आणि तपासतही नाही. अकरा वर्षांत माझ्या तपासण्या किती झाल्या, ते तुम्हाला ठाऊक आहे. यांची एक तरी झाली?"

सासूबाईंचे हसू मावळले. भिंग तिथेच ठेवून त्या आत गेल्या. सूनबाईंचे यजमान, आमचे मालक, दारात उभे होते, तेही वळले.

लाकूडतोड्या कुऱ्हाड घेऊन परत गेला. मी वाचले. यंदाही सोबतीण फळांनी वाकली आहे. सूनबाई माझ्या घावावर अधूनमधून ओली माती लिंपतात. मालकांनी मात्र अजून दवाखान्याची पायरी चढलेली नाही.

मित्रांनो, कोणाला नावे ठेवण्याआधी त्याचे फूल एकदा नीट बघा. माझ्या घावावर हळूहळू साल येत आहे. त्या शब्दाच्या घावावर साल येत नाही.