मसालेभाताआधीचं भाषण

डॉक्टर पुरुषोत्तम माणसांना रडवत. ग्लासगोत त्यांच्या नुसत्या खाकरण्याने लोक रुमाल चाचपत. एकदा तर म्हणे त्यांनी स्वागताचे दोनच शब्द बोलल्यावर हॉलचा गालिचा असा भिजला, की पाइप फुटला समजून कौन्सिलची माणसं धावत आली.

या खेपेला मराठी मंडळात ते गुलामगिरी रद्द करा म्हणणाऱ्या जुन्या काळच्या वक्त्याचं सोंग घेणार होते. तालीम स्वयंपाकघरात, सुलक्षणासमोर. ही त्यांची नागपूरची चुलतबहीण. बायकोच्या बाळंतपणाला म्हणून आणलेली. बाळ आता घरभर धावत होतं. केर, भांडी, स्वयंपाक तिच्याकडे आणि तिचा पासपोर्ट डॉक्टरांच्या कपाटात, ‘हरवेल’ म्हणून. पुढच्या महिन्यात तिच्या मुलीचं लग्न होतं.

“‘आईच्या कुशीतून लेकरू ओढलं हो!’ रडलीस ना सुले? मग हे वाक्य ठेवतो.”

सुलक्षणा कांदा चिरत होती. “दादा, पासपोर्ट द्या न. पोरीचं लग्न आहे.”

“आत्ता नको गं. लय तुटते.”

रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये डॉक्टर काळा झगा घालून गरजले, हुंदकले, गुडघ्यावर बसले. बायकांचं काजळ हनुवटीपर्यंत आलं. शेवटी हात पसरून ते ओरडले, “या सभेत एकही गुलाम असेल, तर त्याने उठून सांगावं!”

हॉलच्या स्वयंपाकघरात सुलक्षणा सगळ्यांसाठी मसालेभात करत होती. तिथल्या खिडकीतून तिचा वाढायचा डाव वर झाला. “मी आहे. दादा, माझा पासपोर्ट द्या.”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“काय एन्ट्री आहे!” अध्यक्ष शशिधर डोळे पुसत म्हणाले. मागून कुणीतरी ‘वन्स मोअर’ही दिला.

सुलक्षणाने ते ओले चेहरे नीट पाहून घेतले. कांद्याशिवाय रडणारी एवढी माणसं तिने पाहिली नव्हती, आणि इतकी बिनकामाचीही. तिने खिडकीचं शटर ओढलं, दाराला कडी घातली आणि आतून सांगितलं, “आधी पासपोर्ट. मग भात.”

शटरच्या फटीतून तुपाचा, काजूचा वास सुटला. पाच मिनिटांत सगळ्यांचे डोळे कोरडे ठणठणीत.

“अहो डॉक्टर,” शशिधर उखडले, “माणसाचा पासपोर्ट कोंडून ठेवतात का? लाज वाटायला हवी!”

“हा आमच्या घरचा मामला आहे.”

“मग घरी जा आणि घेऊन या! पोरं उपाशी आहेत.”

डॉक्टर झग्यातच गाडीत बसले. परत आले तेव्हा सुलक्षणाने पासपोर्टातला आपला फोटो पाहिला, पदराआड खोचला आणि शटर उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हातांत ताटं होती.

“सुले, वाढ बघू,” डॉक्टर म्हणाले.

तिने डाव त्यांच्याच हातात दिला. “तुम्हीच वाढा, दादा. भांडीही पडलीत.”

नागपुरात लेकीच्या पाठवणीला सगळा मांडव रडला म्हणे. एक सुलक्षणा तेवढी रडली नाही. तिथे कांदा दुसऱ्या कुणीतरी चिरला होता.